रात्रीचा जॉब पाऊण तासावरून पाच तासांवर गेलाय, कुठे बघू?

रात्रपाळी

मंडळी, गेले तीन आठवडे एका जॉबने (सर्व्हरवर रात्री आपोआप चालणाऱ्या कामाने) जीव मेटाकुटीला आणला आहे. जे जे सुचलं ते करून झालं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस. रात्री १ वाजता बाहेरून आलेली फाइल 'व्यवहार' नावाच्या टेबलात चढते. रोजच्या साधारण दोन लाख ओळी, आणि नव्या ओळीची स्थिती 'नवीन'. चढवायला बारा मिनिटं लागतात. १:३० ला दुसरा प्रोग्राम सुरू होतो. तो प्रत्येक 'नवीन' ओळीला 'दर' टेबलातला दर लावतो, स्थिती 'पूर्ण' करतो, मुदत संपलेल्या ओळी खोडतो आणि शेवटी एकदाच कमिट करतो, म्हणजे सगळे बदल पक्के करतो. त्यानंतर अहवाल तयार होतात. पूर्वी पावणेदोनपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. आता सहा वाजून जातात, आणि सहाला तर अहवाल पोचलेले असायला हवेत.

आतापर्यंत केलेले उपाय: सर्व्हर रीस्टार्ट केला. ४ कोअरचे ८ केले, मेमरी १६ जीबीची ३२ जीबी केली. काडीचाही फरक नाही. जॉब चालू असताना सीपीयू फक्त १३ टक्के दिसतो, मेमरी मोकळी आहे, म्हणून माझा संशय डिस्कवर आहे. कोड वर्षभरात बदललेला नाही. हिशोबाची हीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, मी दुपारी चालवून पाहिली तर दोन सेकंदांत संपते.

एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. शनिवारी फाइल मोठी असते, तीन लाख ओळींपर्यंत जाते, आणि नेमका शनिवारीच जॉब वेळेत संपतो. त्या रात्री सर्व्हरवर बाकीची कामं कमी असतात म्हणून असेल कदाचित.

जुनी_वही

मलाही डिस्कच वाटते. माझ्याकडे एकदा रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी गेली होती, त्याने राइट कॅश (डिस्कवर लिहिण्याआधीची तात्पुरती मेमरी) आपोआप बंद केली आणि सगळे जॉब तिप्पट वेळ घेऊ लागले. कुठेही एरर नाही, फक्त संथपणा. आयओस्टॅट या कमांडमध्ये 'अवेट'चा, म्हणजे डिस्कसाठी थांबण्याच्या वेळेचा, आकडा बघा, एसएसडीवर तो दोन-चार मिलिसेकंदांच्या वर सतत राहत असेल तर डिस्कच.

पायवाट

रात्रपाळी, पुढची कुठलीही खरेदी करण्याआधी दोन रात्री फक्त मोजमापासाठी द्या. विनंती समजा.

पहिलं म्हणजे तो १३ टक्क्यांचा आकडा. ८ कोअरचं मशीन आहे. त्यातला एकच कोअर पूर्ण भरला आणि बाकी सात रिकामे राहिले तर एकूण आकडा येतो १२.५ टक्के. तुम्हाला वाटतंय सीपीयू निवांत आहे. मला वाटतंय एक कोअर रात्रभर घाम गाळतोय. कोअर वाढवण्याआधीचा आलेख जपून ठेवला असेल तर बघा, तेव्हा २५ टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं. तसं असेल तर डिस्कचा विषय जवळजवळ संपलाच.

जॉब चालू असताना टॉप ही कमांड उघडा आणि १ ही कळ दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसेल. लोड अ‍ॅव्हरेजवरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. लिनक्समध्ये त्या आकड्यात सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेसबरोबर डिस्कसाठी अडकून पडलेल्याही मोजल्या जातात. १९९३ पासून हे असंच आहे. म्हणजे लोड ६ दिसला म्हणून सीपीयू कमी पडतोय असं होत नाही. व्हीएमस्टॅट ही कमांड ५ सेकंदांच्या अंतराने चालवा आणि पहिली ओळ सोडून द्या, कारण ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'डब्ल्यूए' रकान्यात शून्याच्या जवळपास आकडा असेल तर डिस्कची वाट कोणी बघत नाहीये. मशीन व्हर्च्युअल असेल तर 'एसटी' रकानाही बघा, शेजारचं मशीन तुमचा सीपीयू खात असेल तर तिथे कळेल.

दुसरं, पाच तास नेमके कुठे जातात? चढवण्यात, हिशोबात की अहवालात? लॉगमध्ये फक्त सुरुवात आणि शेवट लिहीत असाल तर प्रत्येक टप्प्यावर वेळ छापायची सोय आजच करा.

तिसरं, त्या वेळी डेटाबेसमध्ये काय चालू आहे ते दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये या प्रोग्रामची ओळ बघा. स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह' आणि वेट_इव्हेंट (कशाची वाट बघते आहे ते) रिकामा असेल तर क्वेरी खरोखर काम करते आहे. वेट_इव्हेंट_टाइपमध्ये 'लॉक' दिसलं तर कोणीतरी तिला अडवून धरलंय आणि मग आपला रस्ता वेगळा.

रात्रपाळी

काल अडीचपर्यंत जागून सगळं टिपून घेतलं.

जुना आलेख सापडला. ४ कोअर असताना रात्रभर २६ टक्के. तुमचं म्हणणं बरोबर निघालं, आणि मेमरी-कोअर वाढवण्यात घालवलेल्या आठवड्याचं फार वाईट वाटलं.

आता टॉपमध्ये एक पोस्टग्रेस प्रोसेस ९९ ते १०० टक्क्यांवर, बाकी सात कोअर जवळजवळ शून्य. 'डब्ल्यूए' शून्य, कधीतरी १. 'एसटी' शून्य. आयओस्टॅटमध्ये डिस्क झोपलेली आहे. वेट_इव्हेंट रिकामा, दर दहा मिनिटांनी बघितला, दर वेळी रिकामा.

टप्प्यांच्या वेळा: चढवणं १२ मिनिटं, हिशोब ४ तास ३० मिनिटं, अहवाल १३ मिनिटं. हिशोबाच्या टप्प्यात दर लावणारं एकच अपडेट आहे, आणि खोडणं मिनिटभरात होतं. म्हणजे सगळा वेळ त्या एका अपडेटमध्ये.

कोरा_कागद

मी या क्षेत्रात नवीन आहे, म्हणून विचारतो. सात कोअर रिकामे आहेत तर पोस्टग्रेस ते वापरत का नाही? पॅरलल क्वेरीबद्दल, म्हणजे एकच क्वेरी अनेक कोअरवर वाटून चालवण्याबद्दल, वाचलं होतं.

दीपमाळ

कोरा_कागद, पॅरलल प्लॅन (प्लॅन म्हणजे क्वेरी कशी चालवायची याची डेटाबेसने केलेली आखणी) फक्त वाचणाऱ्या क्वेरींसाठी असतो. जी क्वेरी डेटा बदलते, म्हणजे अपडेट किंवा डिलीट, तिला पोस्टग्रेस एकाच प्रोसेसमध्ये चालवतो. कितीही कोअर दिले तरी हे अपडेट एकाच कोअरवर बसणार. कोअर वाढवून फरक पडला नाही त्याचं कारण हेच.

जुनी_वही

डिस्कचा माझा अंदाज चुकला, मान्य. आता वर्क_मेम बघा, म्हणजे क्वेरीच्या कामाला मिळणारी मेमरी. मूळ सेटिंग ४ एमबीच असतं आणि मोठ्या जॉइनला (दोन टेबलांच्या ओळी जोडण्याला) ते पुरत नाही. दुसरी शक्यता म्हणजे प्रोग्राम एकेक ओळ घेऊन अपडेट करत असेल.

पायवाट

एकेक ओळ असती तर पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये क्वेरी सुरू झाल्याची वेळ सतत बदलत राहिली असती, आणि मधूनमधून 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'ही दिसलं असतं. इथे एकच क्वेरी साडेचार तास चालते आहे. वर्क_मेम कमी पडला असता तर तात्पुरत्या फाइली डिस्कवर लिहिल्या गेल्या असत्या आणि डिस्क इतकी शांत राहिली नसती. आता अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्लॅन बघू.

पण जपून. प्लॅन दाखवणारं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ हे अपडेट खरोखर चालवतं. बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये, म्हणजे शेवटी बदल मागे घेऊन, चालवलं तरी साडेचार तास लॉक धरून बसेल, आणि रोलबॅकनंतरही मेलेल्या ओळी टेबलात उरतील. दिवसा चालवण्यातही अर्थ नाही, कारण दुपारी एकही 'नवीन' ओळ नसते. दोन सेकंदांत संपली ती त्यामुळेच, तिला करायला काही नव्हतंच.

त्याऐवजी चाललेल्या क्वेरीचा प्लॅन आपोआप लॉगमध्ये लिहिणारं ऑटो_एक्सप्लेन हे मॉड्यूल फक्त त्या प्रोग्रामच्या युजरसाठी चालू करा. लॉग_अ‍ॅनालाइझ चालू, लॉग_टायमिंग बंद. टायमिंग चालू ठेवलं तर प्रत्येक ओळीमागे घड्याळ बघण्याचा खर्च वाढतो आणि जॉब आणखी रेंगाळतो. वेळ न मोजताही अपेक्षित ओळी, प्रत्यक्ष ओळी आणि लूपची संख्या मिळते. आपल्याला तेवढं पुरे.

रात्रपाळी

मिळाला. लॉगमधलं मराठीत मांडते, टेबलांची खरी नावं बदलली आहेत. नेस्टेड लूप म्हणजे एका टेबलातल्या प्रत्येक ओळीसाठी दुसरं टेबल बघणं, सिक्वेन्शियल स्कॅन म्हणजे टेबल वरपासून खालपर्यंत वाचणं.

अपडेट, व्यवहार
→ नेस्टेड लूप: अंदाज १ ओळ, प्रत्यक्ष २,०१,३४० ओळी
→ → सिक्वेन्शियल स्कॅन, व्यवहार (स्थिती = 'नवीन'): अंदाज १ ओळ, प्रत्यक्ष २,०१,३४० ओळी
→ → सिक्वेन्शियल स्कॅन, दर: अंदाज ३,००,००० ओळी, प्रत्यक्ष ३,००,०००, लूप २,०१,३४०
जॉइन फिल्टरने वगळलेल्या ओळी: दर लूपमागे २,९९,९९९
एकूण वेळ ४ तास २८ मिनिटं

जॉइनची अट अशी: व्यवहारमधला कोड = दरमधल्या कोडच्या पुढची शून्यं काढून उरणारा कोड. दर टेबलात कोड '०००४१७' असे येतात आणि फाइलमध्ये '४१७', म्हणून एलट्रिम लावलंय.

दीपमाळ

चोर सापडला. तिसरी ओळ पुन्हा वाचा: अंदाज १, प्रत्यक्ष २,०१,३४०.

प्लॅनरला (डेटाबेसच्या प्लॅन ठरवणाऱ्या भागाला) वाटलं की 'नवीन' अशी एकच ओळ आहे. एका ओळीसाठी दर टेबल एकदाच वरपासून खालपर्यंत वाचायचं तर नेस्टेड लूप हा अगदी शहाणपणाचा निर्णय आहे. मी प्लॅनर असते तर तोच घेतला असता. पण ओळी निघाल्या दोन लाख, आणि प्रत्येकीसाठी तीन लाख ओळींचं टेबल पुन्हा पहिल्यापासून वाचलं गेलं. दोन लाख गुणिले तीन लाख म्हणजे सहा हजार कोटी तुलना, आणि प्रत्येक तुलनेत एलट्रिम. टेबल मेमरीत मावतं, त्यामुळे डिस्कला काही कामच नाही. ४ तास २८ मिनिटं म्हणजे १६,०८० सेकंद. त्याला २,०१,३४० ने भागलं तर एका फेरीला ८० मिलिसेकंद. तीन लाख ओळी ८० मिलिसेकंदांत तपासणं हा वेग वाईट मुळीच नाही. मशीन चांगलं आहे, काम चुकीचं दिलं गेलंय.

आता प्रश्न एवढाच की १ हा अंदाज आला कुठून. पीजी_स्टॅट्समध्ये, म्हणजे टेबलाच्या नमुन्यावरून काढलेल्या स्टॅटिस्टिक्समध्ये, स्थिती रकान्याची नोंद काढा, मोस्ट_कॉमन_व्हॅल्समध्ये (सर्वाधिक वेळा येणाऱ्या मूल्यांमध्ये) काय आहे ते इथे टाका. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समधून ही स्टॅटिस्टिक्स शेवटची आपोआप काढल्याची लास्ट_ऑटोअ‍ॅनालाइझची वेळही द्या. आणि पुन्हा विचारते, तीन आठवड्यांपूर्वी खरंच काही बदललं नव्हतं? कोड सोडून?

रात्रपाळी

मोस्ट_कॉमन_व्हॅल्समध्ये एकच मूल्य: 'पूर्ण', वारंवारता १. 'नवीन'चा पत्ताच नाही.

लास्ट_ऑटोअ‍ॅनालाइझ आज सकाळी ५:५९, म्हणजे हिशोबाचं कमिट झाल्यावर लगेच. त्यामुळे स्टॅटिस्टिक्स शिळी आहेत असं म्हणता येत नाही, रोज ताजी होतात.

बदलाचं विचारलंत म्हणून सगळ्या नोंदी चाळल्या. एक बदल सापडला. व्यवहार टेबलात ओळी ७ दिवस ठेवायचो, त्या आता १२ दिवस ठेवतो. सेटिंगच्या फाइलमधला एक आकडा बदलला होता, म्हणून कोणी त्याला 'बदल' म्हणून मोजलंच नाही. पण तो केल्यावर तीन रात्री जॉब व्यवस्थित चालला होता, चौथ्या रात्रीपासून बिघडला. त्यामुळे याचा संबंध असेल असं वाटत नाही.

पायवाट

संबंध आहे, आणि तुमचं शनिवारचं कोडंही यातच सुटतं.

ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची मागे चालणारी देखभालीची प्रोसेस, एखाद्या टेबलाची स्टॅटिस्टिक्स पुन्हा कधी गोळा करतो (याच कामाला अ‍ॅनालाइझ म्हणतात)? शेवटच्या अ‍ॅनालाइझनंतर बदललेल्या ओळी '५० अधिक टेबलाच्या १० टक्के' या आकड्यापुढे गेल्या की. हे मूळ सेटिंग आहे, बहुतेक ठिकाणी त्याला कोणी हात लावलेला नसतो.

७ दिवसांच्या ओळी असताना तुमच्या टेबलात १५ लाख ओळी होत्या. १० टक्के म्हणजे दीड लाख. रात्री फाइलमधून दोन लाख ओळी आल्या की उंबरठा ओलांडला जायचा. ऑटोव्हॅक्यूम मूळ सेटिंगनुसार दर मिनिटाला डोकावतो. चढवणं १:१२ ला संपायचं, हिशोब १:३० ला. मधल्या अठरा मिनिटांत तो येऊन अ‍ॅनालाइझ करून जायचा. त्याला दिसायचं की टेबलात दोन लाख 'नवीन' आहेत, आणि प्लॅनर हॅश जॉइन (एक टेबल एकदाच वाचून मेमरीत मांडणं आणि त्यात शोधणं) निवडायचा.

मग १२ दिवस केले. टेबल रोज दोन लाखांनी वाढत गेलं. वीस लाखांच्या पुढे जायला तीन-चार रात्री लागल्या. त्यानंतर १० टक्के म्हणजे दोन लाखांहून जास्त, आणि तुमची रोजची फाइल त्याला पुरेना. चढवल्यावर अ‍ॅनालाइझ होईनासं झालं. हिशोबाचं कमिट झाल्यावर मात्र चढवलेल्या दोन लाख, अपडेटच्या दोन लाख आणि खोडलेल्या ओळी मिळून आकडा सहा लाखांच्या घरात जातो, मग ५:५९ ला अ‍ॅनालाइझ होतंच. पण त्या क्षणी टेबलात 'नवीन' एकही नसते. स्टॅटिस्टिक्स ताजी आहेत हे खरं, पण ती नेमकी त्या वेळी काढली जातात जेव्हा सगळं काम संपलेलं असतं. दुसऱ्या रात्री प्लॅनर तोच फोटो बघून ठरवतो.

शनिवारी तीन लाख ओळी येतात. पंचवीस लाखांचे १० टक्के अडीच लाख. तीन लाखांनी उंबरठा ओलांडला जातो, १:३० च्या आत अ‍ॅनालाइझ होतं, आणि जास्त माल असूनही जॉब वेळेत संपतो. जास्त डेटाला कमी वेळ, ही तुमच्या पहिल्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची ओळ होती.

रात्रपाळी

हे वाचून मी अक्षरशः स्तब्ध झाले. शनिवारच्या रात्रींची लास्ट_ऑटोअ‍ॅनालाइझ वेळ मॉनिटरिंगच्या नोंदीत मिळाली. १:१३. तिन्ही शनिवारी १:१३ किंवा १:१४.

जुनी_वही

छान उलगडा. आता उपाय सोपा आहे, दर टेबलावर इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) टाका. नाहीतर त्या प्रोग्रामसाठी एनेबल_नेस्टलूप बंद करा.

दीपमाळ

एनेबल_नेस्टलूप बंद करण्याच्या मी विरोधात आहे. शोध घेताना तात्पुरतं ठीक आहे. पण प्रोग्राममध्ये ते कायमचं बसलं की पुढे कोणी त्याच सेशनमध्ये छोटी क्वेरी घातली आणि तिला नेस्टेड लूपच योग्य असला, तर तीही बिघडेल, आणि कारण शोधणाऱ्याला ती ओळ सापडेपर्यंत दिवस जातील.

इंडेक्सचं बरोबर आहे, पण कोड रकान्यावर साधा इंडेक्स इथे निरुपयोगी. अट एलट्रिम केलेल्या कोडवर आहे, तर इंडेक्सही त्याच एक्स्प्रेशनवर हवा. दिवसा करणार असाल तर 'कन्करंटली' लावून करा, म्हणजे टेबलावरचं लिहिणं अडणार नाही. मात्र ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. इंडेक्स झाल्यावर दर टेबलाचं अ‍ॅनालाइझ जरूर करा. एक्स्प्रेशनची स्टॅटिस्टिक्स त्यानंतरच तयार होतात.

तरी माझ्या मते इंडेक्स ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे चढवणाऱ्या प्रोग्रामच्या शेवटी, कमिटनंतर, व्यवहार टेबलासाठी अ‍ॅनालाइझ. एकच ओळ. मूळ सेटिंगला ते ३०,००० ओळींचा नमुना घेतं, पंचवीस लाखांच्या टेबलावर काही सेकंदांचं काम. टेबलाचा ऑटोव्हॅक्यूमचा टक्का १० वरून २ केला तरी चाललं असतं, पण ते पुन्हा 'वेळेत येईल' या भरवशावर. जॉबला जी गोष्ट हवी आहे ती जॉबनेच करून घ्यावी.

रात्रपाळी

काल रात्री अ‍ॅनालाइझची ओळ घातली. हिशोब पुन्हा ५:५८ ला संपला. प्लॅन तोच, अंदाज १. आता काय?

पायवाट

चढवणारा प्रोग्राम कोणत्या युजरने चालतो? टेबलाचा मालक तोच आहे का? नसेल तर पोस्टग्रेस अ‍ॅनालाइझला एरर देत नाही, फक्त वॉर्निंग देतो आणि ते टेबल वगळून पुढे जातो. प्रोग्रामला वाटतं झालं. लॉगमध्ये १:१२ च्या आसपास ती वॉर्निंग शोधा.

रात्रपाळी

तीच होती. 'परवानगी नाही, वगळत आहे' अशा अर्थाची एक ओळ, १:१२:४० ला. चढवणारा युजर वेगळा आहे, त्याला फक्त ओळी घालण्याची परवानगी आहे. आता चढवण्यानंतर मालकाच्या युजरने चालणारी छोटी स्क्रिप्ट जोडली आहे, आणि वॉर्निंग आली तरी ती अपयश धरून थांबेल असं केलंय.

उद्या कळवते.

रात्रपाळी

कळवायला आनंद होतोय. १:१२ ला चढवणं संपलं, अ‍ॅनालाइझला ४ सेकंद. हिशोब १:३० ला सुरू, १:३२ ला संपला. अहवाल पावणेदोनला हातात. प्लॅनमध्ये आता हॅश जॉइन, अंदाज १,९८,००० ओळी, प्रत्यक्ष २,०३,११२.

जुनी_वही, तुमचं वर्क_मेमचं म्हणणंही वाया गेलं नाही. हॅशच्या ओळीत बॅच ४ दिसत होत्या, म्हणजे हॅश टेबल मेमरीत न मावता तुकड्यांत डिस्कवर जात होतं. त्या प्रोग्रामपुरतं वर्क_मेम ६४ एमबी केलं, बॅच १ झाली. वेळ सहा-सात सेकंदांनीच कमी झाला, पण आता ते बघायचं कसं हे मला माहीत आहे. एक्स्प्रेशन इंडेक्सही करून ठेवलाय. प्लॅनर तो सध्या वापरत नाही, दोन लाख ओळींसाठी हॅशच स्वस्त पडतो. मात्र उद्या कुठल्याही कारणाने अंदाज पुन्हा १ वर आला तर नेस्टेड लूपला निदान इंडेक्सचा आधार असेल.

तळटीप

माझं काम एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर) असतं, म्हणून कुतूहलाने हिशोब करून पाहिला. तिथे २०१४ पर्यंत स्टॅटिस्टिक्स बदलायचा उंबरठा ५०० अधिक २० टक्के होता. २०१६ पासून, कम्पॅटिबिलिटी लेव्हल १३० असेल तर, मोठ्या टेबलांसाठी ओळींना १००० ने गुणून त्याचं वर्गमूळ काढतात. पंचवीस लाख ओळींसाठी ते बरोबर ५०,००० येतं. टेबल वाढेल तसा टक्का खाली उतरतो. शिवाय मूळ सेटिंगला स्टॅटिस्टिक्स शिळी आहेत हे क्वेरी कम्पाइल होतानाच तपासलं जातं. ही रचना तिथे असती तर बहुधा वाचली असती. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबीत (डेटा साठवणाऱ्या भागात) मात्र १० टक्क्यांचाच नियम आहे आणि नमुना मूळ सेटिंगला २० पानांचा, तिथे जपायला हवं.

कोरा_कागद

एक शंका. आमच्या जॉबमध्ये असंच चढवतात, पण टेम्पररी टेबलात. तिथेही हाच धोका आहे का?

दीपमाळ

जास्तच आहे. टेम्पररी टेबल फक्त तुमच्या सेशनला दिसतं, ऑटोव्हॅक्यूमची प्रोसेस त्याला हातच लावू शकत नाही. तिथे अ‍ॅनालाइझ आपोआप कधीच होणार नाही. ओळी भरल्यावर आणि पहिली जॉइन करण्याआधी स्वतः अ‍ॅनालाइझ करा. व्हॅक्यूमसारखं त्याला ट्रान्झॅक्शनचं बंधन नाही, आतही चालतं.

रात्रपाळी

शेवटचं विचारते. १:१२ ते १:३० ही अठरा मिनिटं मला आता खटकतात. चढवणं संपताच हिशोब सुरू केला तर? एकदा माझ्या आधीच्या सहकाऱ्याने तसा प्रयत्न केला होता, तेव्हा जॉब फार हळू झाला म्हणून त्याने परत १:३० ठेवलं, अशी आमच्या जुन्या वहीत नोंद आहे. कारण लिहिलेलं नाही.

पायवाट

कारण आता तुम्हीच लिहू शकता. लागोपाठ चालवल्यावर ऑटोव्हॅक्यूमला यायला वेळच मिळाला नसणार, म्हणून तेव्हाही अंदाज १ आला असणार. त्या अठरा मिनिटांवर सगळा जॉब उभा होता आणि ते कोणालाच माहीत नव्हतं.

आता चढवणं, अ‍ॅनालाइझ, हिशोब अशी साखळी करा, आधीचा टप्पा यशस्वी झाला तरच पुढचा. घड्याळावरचं १:३० काढून टाका. आणि त्या नोंदीखाली, अ‍ॅनालाइझच्या ओळीवरही, दोन वाक्यांत लिहून ठेवा की ही ओळ का आहे. नाहीतर वर्षभराने कोणीतरी 'ऑटोव्हॅक्यूम आहेच की' म्हणून ती काढेल.

रात्रपाळी

साखळी केली, टीपही लिहिली. काल जॉब १:२८ ला संपला. सगळ्यांचे मनापासून आभार.